धूर आडवा पसरला की

त्या वर्षी आमच्या घरात हिवाळ्याला हिवाळा म्हणत नव्हते, हंगाम म्हणत. आंब्यांचा असतो, लग्नांचा असतो, तसा टेलिव्हिजनचा हंगाम. आणि हे सगळं जयपुरात, जिथं टेलिव्हिजन नव्हताच. तो होता दिल्लीत. संध्याकाळी तासाभर चालायचा आणि दिल्लीच्या आसपास वीस-पंचवीस मैल दिसायचा. आम्ही सरळ रेषेत मोजलं तरी दीडशे मैल लांब. हे घरात सगळ्यांत चांगलं कुणाला कळत असेल तर बाबांना, कारण ते कॉलेजात फिजिक्स शिकवत. तरीही गच्चीवर बांबू त्यांनीच उभा केला.

कारण दिल्लीत ताई होती.

माझी थोरली बहीण. तिचं लग्न सांगलीच्या एका घरात ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, पत्रिका छापून आल्या होत्या. लग्नाला पंधरा दिवस उरलेले असताना ती म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही, मला गाणं शिकायचं आहे. बाबांना वाटलं, घाबरली असेल, होतं असं मुलींना. चार दिवसांनी ती दिल्लीला निघून गेली. तिथं मुलींच्या शाळेत नोकरी धरली, बायकांच्या वसतिगृहात खोली घेतली आणि एका बुवांकडे गाणं शिकायला लागली. इकडे बाबा एकटे सांगलीला गेले आणि त्या लोकांच्या ओसरीवर हात जोडून उभे राहिले. त्यांना आत या म्हणालं नाही कुणी. परत आल्यावर त्यांनी जेवणाच्या पाटावर बसून एवढंच सांगितलं, "या घरात तिचं नाव निघणार नाही." आणि भाताला हात लावला.

तीन वर्षं नाव निघालं नाही. बाबा कधी ओरडले नाहीत, हात उगारणं तर दूरच. आई ऐकून घेणारी. मी तेवढी तोंडाळ होते, पण बाबांपुढे माझंही चालत नसे. ताईची पत्रं आईच्या नावानं दुपारी यायची. बाबा तेव्हा कॉलेजात असायचे. ती पत्रं येतात हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे आईला माहीत होतं. फोटो मात्र एकही आला नाही. आईनं दोनदा लिहून मागितला, ताईनं "पाठवते" म्हणून लिहिलं आणि पाठवला नाही. आई कधी मधेच पोळी लाटता लाटता थांबायची आणि मला विचारायची, "तिच्या हनुवटीवरचा तीळ डावीकडे की गं उजवीकडे?" पोटच्या पोरीचा तीळ विसरायला झाला म्हणून रडायची. मला इतका राग यायचा. आठ तासांची गाडी होती दिल्लीची. सकाळी बसावं, संध्याकाळी उतरावं. पण आमच्या घरात ती गाडी जणू चंद्रावर जात होती.

दिवाळीनंतर ताईचं पत्र आलं. तिला टेलिव्हिजनवर गायला बोलावलं होतं. एक भजन, पाच-सात मिनिटं, संक्रांतीच्या दिवशी संध्याकाळी. चांगलं झालं तर पुढेही बोलावतील, असं लिहिलं होतं. आईनं ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. मग रात्रीच्या जेवणात, आमटी वाढताना, कुणाकडेच न बघता म्हणाली, "दिल्लीला म्हणे हल्ली माणूस गाताना दिसतं. घरबसल्या." बाबा जेवत राहिले.

पुढच्या रविवारी ते टांग्यातून एक खोकं घेऊन आले. त्यांच्या ओळखीचे एक मराठी डॉक्टर दिल्लीहून इथल्या इस्पितळात आले होते. त्यांच्याकडे टेलिव्हिजनचा सेट होता, पण इथं त्याचा काय उपयोग, म्हणून त्यावर भरतकामाचा रुमाल घालून फुलदाणी ठेवलेली होती. बाबा जन्मात कुणाकडे वाटीभर साखर मागायला गेले नसतील. ते हा सेट मागून घेऊन आले. "प्रयोग करायचाय," एवढंच म्हणाले. कसला प्रयोग, कुणी विचारलं नाही.

जवळच सांगानेरला छापलेली कापडं वाळवायला उंच बांबू लावतात, तसले दोन त्यांनी आणवले आणि एकाला एक जोडून बांधले. वर ॲल्युमिनियमच्या नळ्या आडव्या बसवल्या आणि त्यांचं तोंड ईशान्येला केलं. बांबूला चारी बाजूंनी ताण दिले तेही सुतळीचे. तार वापरली तर लहरींना अडथळा होईल, असं त्यांचं म्हणणं. घराच्या मालकीणबाई गच्चीवर पापड वाळत घालायला आल्या, त्यांनी वर बघून विचारलं, "प्रोफेसर साब, ये क्या रोप दिया छत पे? झंडा फहराओगे?" बाबा म्हणाले, "जी, थोड़ा काम है." आई मला हळूच म्हणाली, ईशान्य म्हणजे देवाचीच दिशा.

मग सुरू झाली रोजची संध्याकाळ. बाबा मफलर गुंडाळून गच्चीवर, बांबू हळूहळू फिरवत. मी जिन्याच्या तोंडाशी. आई सेटसमोर चटईवर. सेट तापायला वेळ लागायचा, मग काचेवर पांढरं-काळं काहीतरी सळसळायला लागायचं. आई त्याला रवा म्हणायची. वरून हाक यायची, "काय दिसतंय?" मी ओरडायची, "रवा!" वरून पुन्हा, "आता?" "रवाच!" गल्लीतल्या लोकांना वाटायचं, मराठी लोकांकडे रोज शिरा होतो.

महिनाभर नुसता रवा. मग एका गार संध्याकाळी त्या रव्यातून एक पुरुष वर आला. नुसतं तोंड उघडझाप करत होता, आवाज खरखरीत, गव्हाच्या पेरणीबद्दल काही सांगत असावा. आईनं झटकन डोक्यावर पदर घेतला, परका माणूस घरात शिरल्यासारखा. मी हसून हसून खाली बसले. आणि आई एकदम रडायलाच लागली. "हा दिसतो, म्हणजे तीपण दिसेल," असं म्हणत होती.

त्या दिवसापासून आई हंगामाची जाणकार झाली. बाबांनी तिला नाही, मला म्हणून, पण तिला ऐकू जाईल असं समजावलं होतं की जमिनीलगत गार हवा साठली आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसला, तर लहरी वाकून लांबवर येतात. आईनं त्यातलं काय घेतलं देव जाणे, पण तिनं आपली एक खूण शोधून काढली. शेजारपाजारच्या शेगड्या संध्याकाळी पेटल्या की ती खिडकीशी जाऊन धूर बघायची. धूर सरळ वर गेला तर आज रवा. धूर छपरांच्या उंचीवर अडून आडवा पसरला तर आज चित्र. आणि खरंच तसं व्हायचं. बाबांनी यावर काही म्हटलं नाही, पण आई "अहो, आज धूर आडवा आहे," म्हणाली की ते चहा अर्धा ठेवून उठत. त्या तीन वर्षांत त्या दोघांचं एवढं एकमत मी दुसऱ्या कशावर पाहिलं नाही.

संक्रांत जवळ आली तशी आई जेवेनाशी झाली. रोज धूर बघायची आणि बोटांवर मोजायची, आठ दिवसांत किती वेळा आडवा, किती वेळा सरळ. त्या दिवशी वारा सुटला तर? ढग आले तर? वीज गेली तर? मी म्हटलं, "आई, एवढा घोर लावून घेण्यापेक्षा गाडीत बस आणि जाऊन ये. बाबा काय तुला मारणार आहेत?" ती म्हणाली, "त्यांना सोडून मी जायचं? आणि मग ते एकटेच राहतील ना गं, न भेटलेले."

संक्रांत उजाडली आणि आम्ही काय विसरलो होतो ते तेव्हा लक्षात आलं. आमची संक्रांत ताटलीतली. तिळगूळ, हलवा, हळदीकुंकू. जयपूरची संक्रांत आभाळातली. चार वर्षं तिथं राहून, दर वर्षी गच्चीवर उभे राहून पतंग बघून, आमच्यापैकी एकालाही बांबू बांधताना ते आठवलं नव्हतं. सकाळपासून गच्च्यागच्च्यांवर माणसं, "वो काटा!"चा गलका, आणि काच लावलेला मांजा शंभर दिशांनी आमच्या सुतळीवरून करकरत जात होता. दुपारी तीनला पहिला ताण तुटला. बाबांनी गाठ मारली. गाठ मारेपर्यंत दुसरा. नळ्यांत चार पतंग अडकले, ते ओढायला मालकिणीचे पाहुणे दोऱ्या खेचत होते. बाबा, ज्यांनी कधी कुणाशी आवाज चढवला नाही, ते हात जोडून त्या लोकांना म्हणत होते, "भाईसाब, आज रहने दीजिए. बस आज का दिन." लोक हसले. सणाच्या दिवशी कुणी असं म्हणतं का. चारही ताण गेले. बाजार बंद. घरात होती नव्हती ती सुतळी संपली, पातळाची चिंधी फाडून बांधली, तीही गेली.

पाच वाजता धूर दिसायला लागला. आडवा. इतका आडवा मी त्या हंगामात पाहिला नव्हता.

आईनं चंद्रकळा नेसली होती. संक्रांतीला काळं नेसतातच, पण ती ज्या तऱ्हेनं निऱ्या बसवत होती, आरशात पुन्हा पुन्हा बघत होती, त्यावरून वाटावं, ताईच आज आईला बघणार आहे. मराठी मंडळातल्या बायकांना तिनं बरं नाही म्हणून कळवलं होतं. सेटशेजारी तिळगुळाची ताटली ठेवून ती बसली.

बाबा वर बांबू धरून उभे होते. दुसरा इलाजच नव्हता. दोन्ही हातांनी कवटाळून, पाय रोवून. मी खालून सांगत होते, "रवा... रवा... जरा डावीकडे... आलं! बाबा, आलं, हलू नका!"

कुणीतरी बसलेलं होतं. पांढऱ्या ठिपक्यांमागे एक उभा काळा आकार, तो तंबोरा असावा, आणि त्याच्या शेजारी एक फिकट गोल, तो चेहरा असावा. आवाज खरखरीतून मधेच वर यायचा, दोन शब्द, आणि बुडायचा. बाईचा आवाज होता, एवढं नक्की. आई गुडघ्यांवर पुढे सरकली आणि काचेला हात लावला. "ती बघ," म्हणाली. "मान वाकडी करून बसते ना, तशीच. अगं तीच. बघ ना." मला काही दिसत नव्हतं. मी डोळे ताणून बघत होते आणि मला मान दिसत नव्हती, तीळ दिसत नव्हता, काही दिसत नव्हतं.

"दिसतेय का?" वरून बाबांची हाक आली. आजवर ते "काय दिसतंय" विचारायचे. आईनं ते ऐकलं. ती उठून जिन्याशी धावली. "अहो, खाली या! दिसतेय, या लवकर!"

"हात सोडला की जाईल," बाबा म्हणाले.

मी धावत वर गेले. आसपासच्या गच्च्यांवरून लोक पतंगांच्या दोरीला कंदील बांधून सोडत होते. बाबा बांबूला गाल लावून, डोळे मिटून उभे होते. मी म्हटलं, "बाबा, मी धरते, तुम्ही जा." त्यांनी मान हलवली. "हातबदल करताना हललं तर आईला दिसायचं बंद होईल. तू खाली जा. आवाज मोठा कर." मी खाली येऊन बटण शेवटपर्यंत फिरवलं. घरभर नुसती खरखर. त्यातलं वर त्यांना काय ऐकू गेलं असेल मला माहीत नाही. तीन-चार मिनिटांनी तो गोल विरला आणि पुन्हा रवा झाला.

बाबा खाली आले तेव्हा त्यांची बोटं सरळ होत नव्हती. तळव्यांत बांबूची कुसळं गेली होती. आईनं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, पण त्याबरोबर जे म्हणायचं असतं ते तिला म्हणता आलं नाही. त्यांनी तो तोंडात टाकला, हात धुतले आणि वर्तमानपत्र उघडलं. आई त्यांच्यासमोर बसून राहिली. मला कळत होतं, ती वाट बघत होती की ते काहीतरी विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

आठ दिवसांनी ताईचं पत्र आलं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी तिचा घसा बसला होता. तिच्याऐवजी दुसऱ्याच मुलीला बसवलं. आता पुन्हा बोलावतील असं वाटत नाही. आणि दिल्लीत तिचं काही जमतही नव्हतं, म्हणून तिनं आसामातल्या एका शाळेत नोकरी घेतली होती. परीक्षा संपल्या की निघणार. शेवटी लिहिलं होतं, "जायच्या आधी दोन दिवस घरी येऊन जावं असं फार वाटतं. पण बाबांनी स्वतः दोन ओळी लिहून बोलावलं तरच येईन. त्यांना अवघडल्यासारखं करायला येणार नाही."

आईनं पत्र वाचलं, घडी केली आणि देवघरात अन्नपूर्णेच्या मूर्तीमागे ठेवलं. म्हणाली, "बाबांना सांगू नकोस." मी म्हटलं, "अगं, पण सांगितल्याशिवाय..." "सांगू नकोस म्हटलं ना."

मी गप्प बसले. ते मला कसं जमलं, मला आजही कळत नाही. बाबांनी बांबूला नवे ताण दिले, या वेळी जाड दोराचे, वर राळ लावून. खाली सेटसमोर आईच्या चटईमागे स्वतःसाठी खुर्ची आणून ठेवली. फेब्रुवारी संपला, होळी झाली, वारं फिरलं. धूर रोज सरळ वर जायला लागला. आईनं खिडकीशी जाणं सोडलं, सेटवर रुमाल घातला. पण बाबा रोज संध्याकाळी गच्चीवर जात राहिले. अर्धा अर्धा तास. मला वाटायचं, या माणसाला कुणीतरी सांगायला हवं की आता काही येणार नाही, ना या हंगामात, ना पुढच्या. आणि येत्या शनिवारी ताई आसामला जायची होती. ते तिनं आईला नंतरच्या पत्रात कळवलं होतं.

त्या आठवड्यातल्या सोमवारी मला राहवेना. मी गच्चीवर गेले. उन्हानं गच्ची अजून तापलेली होती. बाबा बांबूला पाठ टेकून बसले होते.

"बाबा, आता कसली वाट बघताय?" मी म्हटलं. "त्या दिवशी ती ताई नव्हतीच. तिचा घसा बसला होता. शनिवारी ती आसामला चाललीय. तुम्ही बोलावलं तर येईल. नाहीतर येणार नाही."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "पत्र वाचलंय मी."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात रोज सकाळी देवपूजा बाबा करत. मूर्ती उचलून, पुसून, परत ठेवत. पत्र लपवायला आईला सगळ्या घरात तेवढीच एक जागा सापडली होती. ती दुसऱ्या दिवसापासून वाट बघत होती आणि ते दुसऱ्या दिवसापासून जाणून होते.

"मग रोज इथं काय करता?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक इनलँड पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. घामानं मऊ झालेलं. वर त्यांच्या त्या कोरीव अक्षरात "चि." आणि पुढे ताईचं नाव. तीन वर्षांत मी ते नाव त्या घरात पहिल्यांदा बघत होते. त्याखाली "अनेक आशीर्वाद." त्याखाली काही नाही.

"पुढं सुचत नाही," ते म्हणाले. "खाली बसलो तर तुझी आई बघते. म्हणून वर येतो."

"अहो बाबा, 'ये' म्हणा नुसतं. एक अक्षर लिहायचंय."

त्यांनी शेजारच्या धुराकडे बघितलं. मग विचारलं, "त्या दिवशी तू बघितलंस ना? बारीक झाली होती का गं?"

"बाबा, ती ताई नव्हती."

"हो, ते माहीत आहे. तरी सांग."

मी म्हटलं, "नाही. चांगली होती."

त्यांनी मान हलवली आणि इनलँडसाठी हात पुढे केला. माझ्या दप्तरात पेन होतं. दप्तर खालीच, जिन्याच्या पायरीशी पडलेलं होतं. मी, घरातली तोंडाळ, सगळ्यांना सुनावणारी, मी ते एक अक्षर लिहून पत्र पेटीत टाकू शकत होते. अक्षर माझं आहे हे ताईला कळलं असतं, तरी ती आली असती. मी इनलँड होतं तसं घडी केलं आणि बाबांच्या हातात परत दिलं.